घर पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. दोन्ही कार्यांत माणसाच्या गाठीची आणि धीराची परीक्षा होते, एवढाच त्या म्हणीचा अर्थ मी आजवर लावीत आलो. परंतु घर आणि लग्न ह्यांचे आणखीही एक नाते असू शकते आणि ते थेट फुटबॉलच्या मैदानापर्यंत जाऊन भिडते, हे मला गेल्या महिन्यात माझ्या नातवाच्या सुजलेल्या घोट्याने शिकविले.

झाले असे, की आमच्या भागातील मुले ज्या मैदानावर सायंकाळी फुटबॉल खेळतात, ते एका संस्थेच्या मालकीचे आहे. बडोद्यात लग्नसराई सुरू झाली, की मोकळ्या जागेचा ‘पार्टी प्लॉट’ व्हायला वेळ लागत नाही. हे मैदानही तसे भाड्याने दिले जाते. वऱ्हाड जाते, मांडव उतरतो, खांबांचे खड्डे मात्र मागे राहतात. अशाच एका खड्ड्यात पाय जाऊन नातवाचा घोटा मुरगळला. सूनबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला, डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन आठवडे विश्रांती सांगितली. एवढ्यावर प्रकरण संपले असते. परंतु त्या संस्थेच्या कार्यकारिणीत मीही आहे. सभागृहाच्या कर्जाचे हप्ते फिटावेत म्हणून मैदान लग्नांना द्यावे, असा ठराव आला तेव्हा त्याच्या बाजूने मी हात वर केला होता. नातवाला हे ठाऊक आहे. तो काही बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या त्याचे फुटबॉल पाहणे आणि वाचणे चालूच होते. एके दिवशी त्याने विचारले, “आजोबा, इंग्लंडचं वेंब्ली आहे. मग आपल्या टीमचं घरचं मैदान कुठलं?”

मी म्हटले, “कलकत्त्याचे सॉल्ट लेक असावे.”

त्याने वहीत टिपलेली यादीच वाचून दाखविली. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताचे तीन सामने घरी झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारशी भुवनेश्वरला, मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी गुवाहाटीला आणि जून २०२४ मध्ये कुवेतशी कलकत्त्याला. पुढे आशिया चषकाच्या पात्रता फेरीत मार्च २०२५ मध्ये बांगलादेशाशी गाठ पडली ती शिलाँगला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरशी पडली ती मडगावच्या फातोर्ड्याला. दोन वर्षांत घरचे पाच महत्त्वाचे सामने आणि गावेही पाच! त्यांतला एकही आपण जिंकला नाही. दोन बरोबरीत सुटले, तीन हरलो.

“म्हणजे आपली टीम घरातही भाडेकरूच की,” नातू म्हणाला.

“भाडेकरू नव्हे रे, पाहुणा. भाडेकरूला निदान पत्ता असतो,” मी हसून म्हटले खरे, पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. राष्ट्रीय संघाला स्वतःचे घर असावे काय, असल्यास ते कोणाच्या पैशाने बांधावे आणि नसल्यास संघाने कोणाच्या अंगणात खेळावे, हे प्रश्न अनेक देशांना पडले आहेत. त्यांची उत्तरे पाहू गेल्यास आपल्या घरगुती जमाखर्चातही ती उपयोगी पडतील असे वाटते.

वेंब्ली हे नाव आम्हा बडोदेकरांना मुळीच परके नाही. लंडनच्या त्या उपनगरात गुजराती वस्ती दाट आहे. आमच्या शेजारच्या पटेलभाईंची लेकही तिथेच नांदते आणि तिच्या खिडकीतून स्टेडियमवरची १३३ मीटर उंचीची पांढरी कमान दिसते. ह्या स्टेडियमची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. ते मुळात फुटबॉलसंघासाठी बांधलेच नव्हते. १९२४ साली ब्रिटिश साम्राज्याचे जे भव्य प्रदर्शन भरले, त्याच्या आवारात ते उभे राहिले. खर्च आला साडेसात लाख पौंड आणि काम आटोपले ३०० दिवसांत. २८ एप्रिल १९२३ रोजी तेथे एफ. ए. कपचा पहिला अंतिम सामना झाला. अधिकृत आकडा १ लाख २६ हजारांचा असला, तरी प्रत्यक्षात दोन लाखांहून अधिक माणसे आत घुसली होती, असे सांगतात. गर्दी मैदानावर पसरली आणि एका पोलिसाच्या पांढऱ्या घोड्याने ती हळूहळू मागे हटविली, म्हणून तो सामना त्या घोड्याच्या नावानेच ओळखला जातो.

प्रदर्शन संपल्यावर मात्र ह्या हत्तीला पोसायचे कोणी, हा प्रश्न उभा राहिला. स्टेडियम पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आर्थर एल्विन नावाच्या उद्योजकाने ते १९२७ साली वाचविले; पण कशाच्या जोरावर? फुटबॉलच्या नव्हे, तर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या! आठवड्यातून ठरलेल्या दिवशी कुत्री धावत, लोक पैजा लावीत, आणि त्या उत्पन्नावर इंग्लंडच्या फुटबॉलचे देऊळ उभे राहत असे. इंग्लंडचा संघही तेथे वरचेवर खेळत नसे. १९५१ सालापर्यंत स्कॉटलंडशी होणारा सामना सोडल्यास इंग्लंडने तेथे अन्य कोणाही देशाला बोलाविले नाही. बाकीचे सामने निरनिराळ्या गावी, क्लबांच्या मैदानांवर होत.

ह्या कुत्र्यांच्या शर्यतींचा एक किस्सा ऐकण्यासारखा आहे. १९६६ साली विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्ये भरली आणि वेंब्ली हे तिचे मुख्य केंद्र होते. त्यातील उरुग्वे आणि फ्रान्स ह्यांचा सामना नेमका शर्यतीच्या दिवशी आला. मालकाने शर्यत रद्द करण्यास नकार दिला. अखेर विश्वचषकाचा तो सामना व्हाइट सिटी ह्या दुसऱ्या मैदानावर न्यावा लागला. जगाचा चषक एका बाजूला आणि नेहमीचे गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, अशी निवड करण्याची वेळ आली तेव्हा घरमालकाने गिऱ्हाइकाला निवडले. परक्याच्या घरात राहण्याचा हा अनुभव.

तेव्हा स्वतःचे घर हवे, ही इच्छा इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला झाली तर नवल नाही. नव्वदीच्या दशकात ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. तिच्या उत्पन्नातून एक राष्ट्रीय स्टेडियम बांधावे असे ठरले आणि जागेसाठी स्पर्धा लागली. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि ब्रॅडफर्ड ह्या शहरांनी आपापला दावा मांडला. जागा राजधानीत असावी, की देशाच्या मध्यभागी? वाहतुकीची सोय पाहावी, की जुन्या नावाचा मान राखावा? १९९६ च्या अखेरीस कौल वेंब्लीच्या बाजूने पडला. नंतर धावण्याचा मार्ग आत असावा की नसावा ह्यावर वाद झाले, पैसा जमेना, बर्मिंगहॅमने पुन्हा उचल खाल्ली. पण शेवटी वेंब्लीच कायम राहिले. जुन्या वेंब्लीवरचा शेवटचा सामना ऑक्टोबर २००० मध्ये जर्मनीशी झाला. इंग्लंड ०-१ असे हरले आणि प्रशिक्षक केव्हिन कीगन ह्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

पुढची साडेसहा वर्षे इंग्लंडच्या संघाला घर नव्हते, आणि गंमत अशी, की ही वर्षे लोकांच्या स्मरणात गोड राहिली. संघ मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यूकॅसल, संडरलँड, साउदॅम्प्टन, लेस्टर, इप्सविच अशा गावी जाऊन खेळला. ज्या गावांतील मुलांना राष्ट्रीय संघ पाहण्यासाठी लंडनची वारी करावी लागे, त्यांच्या उंबरठ्याशी तो आला. ६ ऑक्टोबर २००१ रोजी ग्रीसविरुद्ध शेवटच्या क्षणी डेव्हिड बेकहॅमने फ्री किकवर जो गोल करून इंग्लंडला विश्वचषकात नेले, तो लंडनमध्ये नव्हे, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. वास्तुशांत होईपर्यंत नातेवाइकांकडे राहावे आणि पाहुणचार इतका चांगला व्हावा, की निघताना डोळे भरून यावेत, असा तो प्रकार होता.

आता घराचा हिशेब पाहू. २००३ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ह्या प्रकल्पाचा ताळेबंद मांडला. एकूण खर्च ७५ कोटी ७० लाख पौंड. त्यात सरकारी आणि लॉटरीचा पैसा १६ कोटी १० लाख, त्यापैकी एकट्या लॉटरीचे १२ कोटी. एका जर्मन बँकेचे कर्ज ४२ कोटी ६० लाख. उरलेला भार मुख्यतः असोसिएशनच्या खांद्यावर. काम लांबले, कंत्राटदाराशी तंटे झाले, २००६ साली व्हावयाचे उद्घाटन मार्च २००७ वर गेले आणि खर्चाचा आकडा ८० कोटी पौंडांच्या आसपास पोहोचला. तयार झालेली वास्तू देखणी आहे, ह्यात शंका नाही. ९०,००० आसने, आणि एकाही प्रेक्षकाच्या नजरेआड खांब येत नाही. परंतु त्यातील सुमारे १७,००० मोक्याच्या जागा दहा-दहा वर्षांच्या करारांनी श्रीमंत गिऱ्हाइकांना आणि कंपन्यांना आधीच विकाव्या लागल्या. ही मंडळी मध्यंतरात खानपानासाठी आत जात, ती लवकर बाहेर येत नसत. दूरचित्रवाणीवर नेमका तोच रिकामा पट्टा दिसे.

एवढ्यानेही हप्ता भागत नव्हता. वर्षाकाठी राष्ट्रीय संघाचे सामने ते किती? म्हणून गाण्याचे जलसे आले आणि अमेरिकन फुटबॉलही आले. २८ ऑक्टोबर २००७ रोजी पावसात अमेरिकन लीगचा सामना झाला आणि हिरवळीचा चिखल झाला. त्यानंतर चोवीसच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, त्याच जमिनीवर इंग्लंड क्रोएशियाशी खेळले. युरोपीय स्पर्धेत जाण्यासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. पाऊस कोसळत होता, हिरवळ जागोजाग उखडलेली होती. इंग्लंड २-३ असे हरले आणि स्पर्धेबाहेर गेले. पराभवाचा सगळा दोष जमिनीला देणे अन्यायाचे होईल. गोलरक्षकाची चूक होती, प्रशिक्षकाचे डावपेच चुकले होते, आणि क्रोएशियाही त्याच चिखलात खेळली होती. परंतु ८० कोटी पौंडांच्या घरात हिरवळच धड नसावी, ही गोष्ट इंग्रजांनाही लाजविणारी होती. पुढील काही वर्षांत ती पुनःपुन्हा घालावी लागली.

तेव्हा पाहा. परक्याच्या घरात कुत्र्यांच्या शर्यती आधी आणि फुटबॉल नंतर. स्वतःच्या घरात कर्जाचा हप्ता आधी आणि फुटबॉल नंतर. मालकी बदलली, पण खेळाचा क्रमांक काही बदलला नाही.

ह्या कथेचा पुढचा अध्याय २०१८ सालचा आहे. लाहोरमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत उद्योगपती झालेले शाहिद खान ह्यांनी वेंब्ली ६० कोटी पौंडांना विकत घेण्याची तयारी दाखविली. असोसिएशनच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की हा पैसा गावोगावच्या छोट्या मैदानांवर खर्च करू. इंग्लंडमध्ये मुलांची मैदाने चिखलाने भरलेली, कपडे बदलण्याच्या खोल्या मोडकळीस आलेल्या. त्या सुधारण्याचा हा एकमेव मार्ग आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की पिढीजात दागिना मोडून घर चालविणे शहाणपणाचे नव्हे. आज विकाल, उद्या त्याच घरात भाडेकरू व्हाल. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. वाद इतका वाढला, की १७ ऑक्टोबर २०१८ रोजी खान ह्यांनी प्रस्ताव मागे घेतला. वेंब्ली राहिले. पण त्या निमित्ताने एक गोष्ट सर्वांसमोर आली: शिखर इतके उंच बांधले, की पायरीच्या दगडासाठी शिखर विकण्याची गोष्ट निघाली.

त्याच वर्षी, त्याच सुमारास शेजारच्या स्कॉटलंडमध्ये उलट दिशेचा व्यवहार झाला. ग्लासगोचे हॅम्पडेन पार्क १९०३ सालचे. १९३७ साली स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला तेथे १ लाख ४९ हजार ४१५ प्रेक्षक आले होते. इतक्या मोठ्या वास्तूचा मालक कोण, तर क्वीन्स पार्क नावाचा १८६७ साली स्थापन झालेला हौशी क्लब. त्याचे खेळाडू एक पैसा न घेता खेळत. राष्ट्रीय संघ ह्या क्लबाचा भाडेकरू होता. भाडेपट्टा २०२० साली संपणार, म्हणून स्कॉटिश असोसिएशनने विचार सुरू केला: हॅम्पडेन विकत घ्यावे, की एडिंबरोचे रग्बीचे मरेफील्ड भाड्याने घ्यावे? मरेफील्ड मोठे, तेथे ६७,००० प्रेक्षक बसतात. हॅम्पडेनमध्ये सुमारे ५२,०००. सप्टेंबर २०१८ मध्ये निर्णय झाला, की हॅम्पडेन ५० लाख पौंडांना घ्यावे. त्यातील २५ लाख देण्याची जबाबदारी लॉर्ड हॉही ह्या ग्लासगोच्या उद्योगपतीने स्वतःहून पत्करली. वेंब्लीच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम म्हणजे समुद्रात लोटा. पण ऐपतीत बसेल तेवढेच घ्यावे, आणि शक्यतो बँकेच्या दारात न जाता घरच्या माणसांच्या वर्गणीतून घ्यावे, हा आपल्याकडील मंडळांचा जुना शिरस्ता त्यांनी पाळला.

घराशिवाय चांगला संघ घडतच नाही, असेही नाही. जर्मनी, इटली आणि स्पेन ह्या देशांनी राष्ट्रीय संघासाठी एकच कायमचे स्टेडियम ठेवलेले नाही. संघ शहरोशहरी फिरतो. जर्मनी आणि इटली ह्यांनी प्रत्येकी चार वेळा आणि स्पेनने एकदा विश्वचषक जिंकला आहे. उलट फ्रान्सने १९९८ साली नव्याकोऱ्या स्ताद द फ्रान्समध्येच चषक उचलला आणि इंग्लंडने १९६६ साली वेंब्लीवर. तात्पर्य, चषक घरावर ठरत नाहीत. जर्मनीला हे फिरणे परवडते, कारण जेथे जावे तेथे क्लबाने वर्षभर जोपासलेली हिरवळ तयार असते. फिरस्त्या संघाची खरी दौलत ती.

आता आपल्याकडे वळू. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ सालची. पण राष्ट्रीय संघासाठी त्याचे स्वतःचे स्टेडियम नाही. आपली बहुतेक मोठी स्टेडियमे राज्य सरकारांनी, म्हणजे तुमच्याआमच्या कराच्या पैशाने, कोणत्या ना कोणत्या मोठ्या समारंभाच्या निमित्ताने बांधली. सॉल्ट लेकचे स्टेडियम १९८४ साली नेहरू चषकाच्या वेळी खुले झाले, तेव्हा तेथे १ लाख २० हजार माणसे बसत. फातोर्डा १९८९ साली उभे राहिले. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कलकत्ता ह्या सहा ठिकाणी झाली, तेव्हा सॉल्ट लेकवरचे कृत्रिम गवत काढून पुन्हा खरे गवत लावण्यात आले, बाकांच्या जागी खुर्च्या आल्या. त्या स्पर्धेला १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक लोटले. पाहुणे येणार म्हटले, की आपण घराला रंग देतो. पाहुणे गेल्यावर पुढच्या पाहुण्यांपर्यंत भिंतीकडे पाहत नाही, हा आपला स्वभाव.

ह्याचा अर्थ भारतानेही एक वेंब्ली बांधावे, असा काढावा काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या घरातच आहे. ७ जुलै २०१९ रोजी, रविवारी, भारताचा संघ अहमदाबादला ताजिकिस्तानशी खेळला. कांकरियाजवळचे ते स्टेडियम सरकार आणि खासगी कंपनी ह्यांच्या भागीदारीतून झालेले, सुमारे २०,००० प्रेक्षकांचे. नातू तेव्हा तिसरीत होता. दुपारच्या गाडीने मी त्याला घेऊन गेलो. मध्यंतरापर्यंत सुनील छेत्रीने दोन गोल केले होते आणि आमच्या आजूबाजूची मंडळी, जी आयुष्यभर क्रिकेटशिवाय काही बोलली नसतील, ती उभी राहून ओरडत होती. उत्तरार्धात ताजिकिस्तानने चार गोल केले. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत नातू माझ्या खांद्यावर झोपला; पण दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्याने चेंडू मागितला. संघाचे घर कायमचे कलकत्त्यात असते, तर तो चेंडू आमच्या घरात आला नसता. गुजरातेतल्या, माळव्यातल्या, हैदराबादेतल्या मुलांनी आपला राष्ट्रीय संघ डोळ्यांनी कधी पाहावा? फिरण्याचा हा लाभ कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही.

मात्र फिरणे आणि भरकटणे ह्यांत अंतर आहे. जून २०१८ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले. पाहावयास आले होते अवघे २,५६९ लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून देशाला विनंती केली, की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला भर पावसात ते स्टेडियम भरून गेले. उलट ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाशी सामना कलकत्त्याला ठेवला, तेव्हा ६१,००० वर लोक आले, आणि जून २०२४ मध्ये छेत्रीच्या निरोपाच्या सामन्याला जवळजवळ ५९,०००. तेव्हा मैदान निवडताना गवत कसे आहे, विमानतळ किती लांब आहे, त्या महिन्यात तेथे पाऊस किती पडतो, हे जसे पाहावे, तसेच त्या गावाला ह्या खेळाची भूक किती आहे, हेही पाहावे. माझ्या अल्पमतीने सांगावयाचे, तर गुणांची गरज असलेले सामने खेळाचे वेड असलेल्या आणि गवत राखणाऱ्या दोन-तीन ठरलेल्या गावी व्हावेत. मैत्रीचे सामने आमच्यासारख्यांच्या गावी फिरावेत. आणि नवे स्टेडियम बांधण्याचा मोह ज्या राज्याला होईल, त्याने बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी पुढील वीस वर्षांच्या देखभालीचे आणि त्या जिल्ह्यातील मुलांच्या मैदानांचे अंदाजपत्रक आधी मांडावे. घर बांधण्यास एकदा पैसा लागतो. घर राहते ठेवण्यास रोज लागतो.

हे सर्व मी नातवाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आजोबा, मग आपल्या ग्राउंडचं काय?”

वाचकहो, दुसऱ्यांच्या घराची चौकशी करीत मी वेंब्लीपर्यंत जाऊन आलो, ते बहुधा ह्या प्रश्नापासून दूर पळण्यासाठीच. आमच्या संस्थेने सभागृह बांधले, ते चुकले असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला चार माणसे जमवावयास हक्काची जागा हवीच. त्या सभागृहात व्याख्याने होतात, नाटके होतात, गणपती बसतो. कर्ज खरे आहे आणि लग्नांचे भाडे थांबविले तर हप्ता थकेल, हेही खरे आहे. परंतु वेंब्लीच्या मालकांनी शर्यतीसाठी विश्वचषकाचा सामना बाहेर काढला, तसे आम्ही लग्नासाठी मुलांना बाहेर काढले. फरक इतकाच, की त्या सामन्याला व्हाइट सिटी तरी मिळाली. आमच्या मुलांना रस्ता मिळाला.

म्हणून पुढच्या सभेसाठी मी तीन ओळींची सूचना लिहून दिली आहे. लग्ने मैदानाच्या एकाच बाजूस, ठरलेल्या अर्ध्या भागात व्हावीत. प्रत्येक भाड्यातील ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात जाऊन केवळ मैदानावर खर्च व्हावा. आणि मांडववाल्याची अनामत रक्कम खड्डे बुजवून, माती दाबून, कोणीतरी स्वतः पाहून आल्याशिवाय परत करू नये. सूचना मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. एक सहकारी आताच म्हणाले, की मांडववाले दुसरीकडे जातील. जातील कदाचित. तसे झाले तर तुटीची भर वर्गणीतून घालावी लागेल, आणि पहिली पावती माझ्या नावाने फाडावी, असे मी चिटणिसांना कळविले आहे.

खड्डे पाहून येण्याचे काम कोणी करावे, हा प्रश्न उरला होता. त्यासाठी नातवाने आपले नाव दिले आहे. घोटा आता बरा आहे.